साहेब जागेवर आहेत

विभागीय उद्वाहन व पाळणे तपासणी कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर निर्णय होण्यापूर्वी ‘पुटअप’ असा शेरा मारण्याची पद्धत आहे. निर्णय झाल्यावर काय लिहितात हे मला माहीत नव्हतं. मला तिथे लागून दोनच वर्षं झाली होती.

उद्वाहन म्हणजे लिफ्ट आणि पाळणे म्हणजे जत्रेतले आकाशपाळणे. माणसाला उचलून वर नेणारं कोणतंही यंत्र आमच्या विभागात चालू करायचं असेल, तर आमचं प्रमाणपत्र लागतं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि कंत्राटी प्रमाणन सहायक म्हणून रुजू झालो. फिरत्या पाळण्याच्या आसावर किती ताण येतो हे मला काढता येतं. ते मला तोवर कोणी विचारलेलं नव्हतं.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ‘पुटअप’चा अर्थ शब्दकोशात पाहिला. इंग्रजीत या शब्दाला बरीच कामं आहेत. भिंतीवर चित्र लावणं, तंबू ठोकणं, पाहुण्याला रात्रीपुरतं ठेवून घेणं, भाव वाढवणं, निवडणुकीला माणूस उभा करणं. आणि शेपटीला आणखी एक शब्द जोडला, तर निमूटपणे सोसणं. थोडक्यात, इंग्रज माणसाने पुटअप म्हटलं की जगात काहीतरी हलतं. चित्र लागतं, तंबू उभा राहतो, पाहुणा झोपतो. आमच्या कार्यालयातल्या वापराशी यातलं काहीच जुळेना, म्हणून मी मुख्य लिपिक रत्नमाला मगरे मॅडमना विचारलं.

“पुटअप म्हणजे साहेबांपुढे सादर करा,” मॅडम म्हणाल्या.

“पण मॅडम, कागद साहेबांपुढेच होता. साहेबांनीच लिहिलंय हे.”

“मग परत सादर करायचा.”

“तोच कागद?”

“तोच कसा असंल? आधी त्याच्यावर पुटअप नव्हतं. आता आहे. एम.एस्सी.ला हे नाही का शिकवलं?”

शिकवलं नव्हतं.

साहेब म्हणजे उपसंचालक बद्रीनाथ वाघचौरे. शासनाचा कारभार मराठीतून चालावा असा आदेश आल्यापासून ते हा शेरा न चुकता देवनागरीत लिहीत. त्याचे प्रकार होते. नुसता ‘पुटअप’ म्हणजे कागद पाहिला. ‘पुटअप, मागील कागदांसह’ म्हणजे पाहिला नाही. ‘पुटअप, स्वयंस्पष्ट टिपणीसह’ म्हणजे पाहिला, पण कळला नाही. आणि ‘तातडीने पुटअप’ असा शेरा पडला की त्या कागदाची आशा सोडायची. साहेब वाईट होते असं मात्र कोणी म्हणू नये. ते लाच घेत नसत. लाच घ्यायची म्हणजे काम करावं लागलं असतं.

त्यांच्या वरचं अप्पर संचालकांचं पद रिकामं होतं. त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार साहेबांकडेच होता.

आमचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट आहे, आणि साऱ्या विभागाच्या लिफ्टना प्रमाणपत्र देणाऱ्या आमच्या कार्यालयाच्या या लिफ्टला प्रमाणपत्र नव्हतं. ते मिळवण्यासाठी कार्यालयाने कार्यालयाकडे अर्ज केला होता. त्यावर पुटअप पडलेलं होतं. दुरुस्तीच्या प्रस्तावावरही पडलेलं होतं. तोवर नियमानुसार दारावर ‘उद्वाहन बंद आहे’ अशी पाटी टांगली होती. पाटीमुळे लिफ्टला गर्दी नसे, आणि गर्दी नसल्यामुळे साहेब लिफ्टनेच ये-जा करत.

मार्च महिन्यातला तो गुरुवार. साहेबांच्या मुलीचा, श्रेयाचा, संध्याकाळी बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा होता. साहेब जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच निघाले. लिफ्टने एक आचका दिला, दुसऱ्या मजल्यापासून पुरुषभर खाली गेली आणि तिथेच थांबली. साहेबांचं शरीर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध राहिलं. डोकं मात्र जाळीतून दिसत होतं, बरोबर आमच्या फरशीच्या पातळीला.

“मगरे मॅडम!” फरशीतून आवाज आला.

मॅडम धावत आल्या आणि खाली बघून म्हणाल्या, “सर, तुम्ही तर गेला होतात.”

“अडकलोय मी!”

“कशात?”

“लिफ्टमध्ये, दिसत नाही का?”

मॅडमनी पाटीकडे पाहिलं. “लिफ्ट तर बंद आहे, सर.” त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. त्या खरोखरच अडचणीत होत्या. बंद लिफ्टमध्ये माणूस अडकल्याची नोंद कोणत्या सदराखाली घ्यायची, याचा त्या विचार करत होत्या.

मी अग्निशमनचा नंबर लावायला घेतला, तर साहेबांनी जाळीतून बोट बाहेर काढून मला थांबवलं. “सम्यक, फोन ठेव! ते दार कापतात. सरकारी मालमत्ता आहे. आणि उद्या पेपरला काय येईल? लिफ्ट तपासणारेच लिफ्टमध्ये! गपचूप मेकॅनिक बोलाव.”

मेकॅनिक ओवैस कटकट गेटहून स्कूटरवर आला. त्याने वर जाऊन मोटार पाहिली, खाली येऊन जाळीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “साब, बडा कुछ नै. किल्लीने ब्रेक ढिला करायचा, हाताने चाक फिरवायचं. चाय थंडी होने से पहले तुम्ही बाहेर.”

“मग फिरव ना, बाबा!”

“वर्क ऑर्डर?”

“अरे, मी आत आहे!”

“मागच्या बारीला तुमचे मोतीराममामा आत होते,” ओवैसने शिपाई मोतीरामकडे मान वळवली. “मैं बोला, इन्सानियत है, ऑर्डर कायको. काढलं त्यांना. आठ दिवसांत मला नोटीस. विनाआदेश शासकीय उद्वाहनाशी छेडछाड. सही तुमचीच होती, साब.”

“मी वाचली नसेल रे ती.”

“वाचली नव्हती, मालूम है. मी उत्तर दिलं, त्याच्यावर पुटअप आलं. मेरा लायसन अटकेला है अभीतक. आता मी बिनऑर्डरीचा हात नक्को लावणार. तुम्हीच म्हणाल, याला दुसरी नोटीस.”

साहेबांनी क्षणभर विचार केला. ते खरंच तसं म्हणाले असते.

तेव्हा लिफ्ट दुरुस्तीचा प्रस्ताव शोधण्यात आला, धूळ झटकण्यात आली आणि तो जाळीतून आत सरकवण्यात आला. साहेबांनी मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदाच तो पूर्ण वाचला. “चांगला लिहिलाय की,” ते म्हणाले, आणि त्यावर ‘शिफारस करण्यात येते’ असं लिहून कागद वर दिला. खर्चाची मंजुरी उपसंचालकांच्या अधिकारात बसत नव्हती. ती अप्पर संचालकांची होती. मॅडमनी कागदाला रीतसर अग्रेषण पत्र लावलं आणि तो अप्पर संचालकांकडे, म्हणजे त्याच जाळीतून त्याच हातात, पाठवला.

बराच वेळ कागद वर येईना. मी वाकून पाहिलं. साहेब भिवया आक्रसून वाचत होते.

“यात घाई कशासाठी आहे ते नमूद नाही,” ते म्हणाले.

“सर, आत तुम्हीच आहात.”

“ते उपसंचालक आहेत. अप्पर संचालकांना हे अधिकृतपणे कोणी कळवलंय?”

“सर, तुम्हाला माहीत आहे ना पण?”

“सम्यक, व्यक्तिगत माहितीवर फाईल चालवायची नसते. उद्या ऑडिट आलं, तर म्हणतील, स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःच मंजुरी दिली.” आणि त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं: ‘पुटअप, तातडीच्या कारणमीमांसेसह.’

कागद वर आला. साहेबांनी स्वतःच लिहिलेला शेरा जाळीतून स्वतःच वाचला, आणि मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच जरा उकडल्यासारखं झालं.

याच वेळी जिन्यावरून मनकर्णाबाई आल्या. मनकर्णाबाई लासूर स्टेशनच्या. त्यांचा पाळणा आहे, म्हणजे जत्रा-उरुसात लागतो तो मोठा, लोखंडी, दिव्यांचा. पैठणची नाथषष्ठी आठवड्यावर आली होती. प्रमाणपत्राशिवाय पोलीस पाळणा उभा करू देत नव्हते, आणि षष्ठी हुकली की वर्ष हुकलं. थंडीपासून बाई चकरा मारत होत्या. प्रत्येक खेपेला त्या मोतीरामला एकच प्रश्न विचारत आणि मोतीराम एकच उत्तर देई: साहेब जागेवर नाहीत. उभ्या नोकरीत त्याने दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं, आणि ते बहुतेक वेळा खरंच असे.

“काय मोतीरामदादा, साहेब हायेत का जागेवर?”

मोतीरामने तोंड उघडलं. मग त्याची नजर जाळीकडे गेली. तो प्रामाणिक माणूस आहे. “हायेत,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटून तो स्टुलावर बसला.

“कुठं?”

“तिथं, खाली बघा.”

बाईंनी फरशीकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा त्यांच्या चपलांच्या रेषेत होता. बाईंनी पदर सावरला, चपला काढून बाजूला ठेवल्या, मांडी घातली आणि अर्ज जाळीतून आत दिला. “साहेब, पाळण्याचं तेवढं बघता का?”

साहेबांचा हात सवयीने चालला. ‘पुटअप, मागील कागदांसह.’ कागद बाहेर आला.

आता इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावं असं काहीतरी घडलं. केबिनमध्ये हा शेरा पडला असता, तर कागद केबिनपासून मॅडमच्या टेबलाकडे निघाला असता, आणि वाटेत त्याला आवक, जावक, चहा, मोतीरामची रजा, निवडणुकीचं काम आणि दिवाळी लागली असती. पण मगरे मॅडम तर जाळीपाशीच उभ्या होत्या. साहेबांना लागतील म्हणून सगळे गठ्ठे त्यांनी तिथेच मागवून घेतले होते. त्यांनी मागील कागद काढले, अर्जाला टाचले आणि आत सरकवले. पुटअप झालं.

साहेब दचकले. इतक्या वर्षांत हा शेरा इतक्या लवकर परत आलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘पुटअप, तांत्रिक अहवालासह.’ तांत्रिक अहवाल म्हणजे मी. मी आसाचा ताण, बोल्टांची मापं आणि भाराचं गणित तिथेच लिहून दिलं. ‘पुटअप, स्वयंस्पष्ट टिपणीसह.’ मॅडमनी टिपणी लिहिली. ‘पुटअप, अर्जदाराच्या म्हणण्यासह.’ अर्जदार म्हणाल्या, “पाळणा लावू द्या, एवढंच म्हणणं हाय. दुसरं काय म्हणू?” मॅडमनी तेही टाचलं.

कागद पुन्हा आत गेला आणि साहेब नुसतेच पेन धरून बसले. त्यांचे प्रकार संपले होते.

“मगरे मॅडम,” ते हळूच म्हणाले, “याच्यापुढं काय लिहितात?”

मॅडमनी आठवायचा प्रयत्न केला. “आधीचे शिंदीकर साहेब होते ना, सर, ते काहीतरी लिहायचे. म वरून होतं. हां! मंजूर.”

साहेबांनी ते लिहिलं. सही केली. मनकर्णाबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. “झालं?”

“झालं, मावशी,” मी म्हणालो.

“मंग आता मी काय करू?” बाईंनी विचारलं. त्यांनी डब्यात दोन दिवसांच्या भाकरी आणल्या होत्या.

त्यांनी केलं ते एवढंच, की जिन्यात जाऊन एक फोन लावला. “अगं ताई, साहेब सापडलं! व्हय, जागेवर! आन् हलत नाय जागचं! भावजीला म्हण, कागद घिऊन पळत ये.”

तासाभरात जिना भरला. देवगाव रंगारीचा कचरू आला, त्याचा लहान मुलांचा झुकझुक पाळणा दोन वर्षं गोडाऊनमध्ये गंजत होता. रोशन गेटकडच्या शाइस्ता बाजी आल्या, त्यांच्या शाळेतल्या लिफ्टमुळे वरच्या वर्गांना कुलूप होतं. दवाखानेवाले आले, मॉलवाले आले, बिल्डर आले. समोरच्या झेरॉक्सवाल्याने मशीनच पहिल्या मजल्यावर आणलं. पहिल्या मजल्यावरून साहेबांचे नुसते बूट दिसत, त्यामुळे तिथल्या लोकांना ते आतच असल्याची खात्री राही. मोतीरामने टोकन वाटायला सुरुवात केली. साहेब घामाघूम होऊन सह्या करत होते. जितक्या लवकर हे लोक जातील, तितक्या लवकर आपण सुटू, असा त्यांचा हिशेब होता. तो गणिताने चूक नव्हता. फक्त जेवढे जात होते त्याच्या तिप्पट येत होते.

मध्येच साहेबांना आठवण झाली. “अरे, माझी फाईल? कारणमीमांसा लावली ना? आणा इकडं, मी अप्पर संचालक म्हणून करून टाकतो मंजूर. ऑडिटचं बघू.”

“तुमचं टोकन, सर?” मॅडमनी विचारलं.

“मला टोकन?”

“जनता बघतीय, सर. तुम्हीच नंबर तोडला, तर जिन्यात हाणामारी होईल.”

कचरू वाकून म्हणाला, “साहेब, आमी लई लांबून आलोय. तुमी तर इथंच हाव.”

मोतीरामने साहेबांना टोकन दिलं. ते बरंच शेवटचं होतं.

साहेबांचा मोबाइल वाजला. “पप्पा, कुठं आहात तुम्ही? पाहुणे येऊन बसलेत.”

“ऑफिसात आहे गं.”

“निघाला नाहीत अजून?”

“निघालो होतो.”

सूर्य कलला तसा साहेबांचा नंबर आला. अप्पर संचालकांनी प्रस्ताव वाचला, कारणमीमांसा वाचली, आणि कोणाचीही वाट न पाहता ‘मंजूर’ लिहिलं. मॅडमनी वर्क ऑर्डर टाइप केली, साहेबांनी त्यावर सही केली, ओवैसने ती दोनदा वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि किल्ली काढली. “चलो साब. मुबारक हो.”

“ए, थांब!”

हे कोण म्हणालं, ते कळलं नाही. कारण सगळेच म्हणाले होते.

“माझ्या दुसऱ्या कागदाचं टोकन आता आलंच हाय,” कचरू म्हणाला. “दोन माणसं हायेत फक्त म्होरं. तेवढं होऊ द्या, मंग काढा.”

“आणि आमचं?” मागून ओरडा झाला. “तुझं झाल्यावर काढायचं, तर आम्ही काय जिने मोजायला आलो का?”

“अहो, माझ्या मुलीचा साखरपुडा आहे!” साहेब जाळी धरून म्हणाले. “मी उद्या सगळ्यांच्या सह्या करतो. शब्द देतो. केबिनमध्ये या, चहा पाजतो.”

जिन्यात एकदम हशा पिकला. तो दुष्टपणाचा नव्हता. तिथल्या प्रत्येकाला साहेबांच्या केबिनचा अनुभव होता, इतकंच.

“साब,” शाइस्ता बाजी अदबीने म्हणाल्या, “बुरा मत मानो, पण तुम्ही बाहेर आलात की तुम्हाला मीटिंग लागते. व्हिडिओ कॉन्फरन्स लागते. दौरा लागतो. आत तुमची तबियत कामाला किती चांगली आहे.”

शेवटी श्रेयाच आली. नेसलेल्या पैठणीचा ओचा हातात धरून ती जिन्यातल्या माणसांना ढकलत वर चढली. तिच्यामागे तिचा होणारा नवरा शिवम, त्याचे वडील, आई आणि साखरेच्या पुड्यांची ताटं घेतलेल्या बायका. फरशीत बापाचा चेहरा पाहून ती जाळीपाशी खाली बसली.

“पप्पा!”

“श्रेयू, बरं झालं आलीस. याला सांग, किल्ली फिरव म्हणावं.”

श्रेया उठली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सगळ्यांवर नजर फिरवली आणि ओवैसला म्हणाली, “वर्क ऑर्डर आहे ना तुमच्याकडं? मग कोणाची वाट बघताय? उघडा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी सगळ्यांवर केस टाकते. माणूस कोंडून ठेवलाय तुम्ही!”

कचरूने टोकन मुठीत लपवलं. ओवैस उठला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात शिवमचे वडील खाकरले. त्यांचं पैठण रोडला नवं हॉटेल उभं राहतं आहे, पाच मजली. ते सुनेपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बेटा, तुझं बरोबरच आहे. काढायलाच पाहिजे व्याह्यांना. फक्त ते आता इथं आहेतच, तर आपल्या लिफ्टचं तेवढं... मी काय परका नाही. आपल्या लग्नाची मंडळी त्याच हॉटेलात उतरायचीत.”

श्रेयाने त्यांच्याकडे पाहिलं. मग शिवमकडे पाहिलं. शिवम छताकडे पाहत होता. विहीणबाईंनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, आणि त्या घेण्यात असं काहीतरी होतं की श्रेया सावकाश पुन्हा खाली बसली.

“पप्पा,” ती म्हणाली, “एकच सही. मग लगेच.”

साहेबांनी सही केली. वाचलंही नाही. त्याबरोबर मंडळींना आनंद झाला, आणि सगळे जमलेच आहेत, तर मुहूर्त कशाला घालवायचा, म्हणून साखरपुडा तिथेच उरकला. भटजींना फोन करून मंत्र स्पीकरवर लावले. व्याह्यांनी साहेबांना साखर जाळीतून भरवली. साहेबांचे डोळे भरून आले होते. बाप आहे, असं बायका म्हणाल्या.

“आता तरी काढा,” श्रेया म्हणाली.

तेव्हा मनकर्णाबाईंनी पुढाकार घेतला. बाई अजून गेल्या नव्हत्या; भाकरी संपवत बसल्या होत्या. तिथल्या सगळ्यांत काम झालेल्या त्या पहिल्या. “काढा रं त्यांना,” त्या म्हणाल्या. “लेकराबाळाचा माणूस हाय. माझं काय, माझं काम झालंया. मी म्हन्ते, काढा!”

लोक ओशाळले. बाईंनी ओवैसला खूण केली आणि मग त्यांचाच हात मध्ये थांबला. “ए थांब रं जरासा. माझ्या धाकट्याचा मौत का कुआ हाय न्हवं, त्याचा कागद टेम्पोतच ऱ्हायला. त्यो तेवढा आणते.”

ओवैस खाली बसला. थोडा वेळ त्याने किल्ली बोटाभोवती फिरवली. मग इकडेतिकडे पाहत त्याने आतल्या खिशातून नोटिशीचं उत्तर काढलं, उलगडलं आणि जाळीत सरकवलं. “साब, मेरा लायसन. एकच मिनिट.”

साहेबांनी सही केली आणि मान वर केली. सगळ्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. “सम्यक,” ते म्हणाले, “तू शिकलेला मुलगा आहेस. तू तरी सांग यांना.”

“हो सर,” मी म्हणालो. “सांगतोच.” माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि मुदतवाढीची टिपणी माझ्या हातातच होती. मी ती अदबीने पुटअप केली.

याला आता बरेच दिवस झाले. साहेबांची प्रकृती उत्तम आहे. आत पंखा बसवला आहे, पाठीला लोड दिला आहे, नावाची पाटी जाळीला बांधली आहे. नैसर्गिक अडचणींची व्यवस्था मोतीराम बघतो. त्याचा त्याला भत्ता मंजूर झाला आहे. मंजुरी साहेबांनीच दिली. आमचं कार्यालय विभागात शून्य प्रलंबिततेत पहिलं आलं, आणि वरून पथक येऊन पाहणी करून गेलं. पथकाने मोजमापं घेतली. ज्या कार्यालयांना लिफ्ट नाही, त्यांना ती अर्ध्यापर्यंत बसवून देण्याचा प्रस्ताव मंत्रालयात गेला आहे. त्यावर सध्या पुटअप असा शेरा आहे, पण मंत्रालयाची लिफ्ट अजून व्यवस्थित चालते, त्यामुळे वेळ लागेल.

हे वाचून तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा. एका माणसाला असं ठेवणं कोणत्याही सभ्य समाजाला शोभत नाही, हे आम्ही रांगेतही रोज एकमेकांना म्हणतो. तुम्ही म्हणाल, मी असतो, तर पहिल्याच दिवशी उघडायला लावलं असतं. तर मग या. ओवैस तिथेच असतो, वर्क ऑर्डर त्याच्या खिशात आहे, आणि जमलेल्यांपैकी कोणी एकाने ‘उघड’ म्हटलं, तरी तो किल्ली फिरवणार आहे. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला टोकन घ्यावं लागत नाही. थेट जाळीपर्यंत सोडतात. ती रांग पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली आहे आणि ती रिकामी आहे.

फक्त घरातून निघताना एकदा पिशवी नीट झटकून या.